तारामतीआक्कांची करपलेली भाकरी

निपाणीहून चिकोडीच्या वाटेला लागलं, की एका ओढ्याच्या अलीकडं एक गाव लागतं. गावाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. नाव सांगितलं की तिथली मंडळी कुणी कुणाला काय म्हटलं याची चौकशी करत पारावर बसतील, आणि सुगीचे दिवस फुकट जातील. या गावात तारामतीआक्का मगदूम राहायच्या. आक्कांच्या हातून उभ्या जन्मात एकच भाकरी करपली. बाकीच्या भाकऱ्या टम्म फुगल्या, लोकांच्या पोटात गेल्या आणि विसरल्या गेल्या. ही करपलेली तेवढी गावानं जपून ठेवली आहे.

भाकरी करपली यात सांगण्यासारखं काय, असं ज्याला वाटेल त्यानं आक्कांचं स्वयंपाकघर पाहिलेलं नाही. दिवस उगवल्याशिवाय चूल पेटायची नाही, कारण अंधारात सरपणात किडामुंगी बसलेली असली तर दिसणार कशी? पाणी गाळल्याशिवाय हंड्यात पडायचं नाही. काल केलेलं आज कुणाच्या पानात यायचं नाही, मग ते कितीही चांगलं असो. जैनाघरची शिस्त म्हणावी तर घरोघरी होती. पण आक्कांच्या घरी शिस्त आक्कांनाच भिऊन वागायची. सून चंदना चुलीपाशी आली की आधी श्वास रोखायची, मग तवा ठेवायची.

आता या शिस्तीत एक भोक होतं, आणि त्या भोकातून आक्कांच्या आयुष्यातली एक फार मोठी गोष्ट गळून गेली होती. त्याचा पत्ता आक्कांना केस पिकेपर्यंत लागला नाही.

झालं होतं असं. आक्का लग्न होऊन आल्या तेव्हा धरणेंद्रआप्पा, म्हणजे त्यांचे मालक, मिसरूड फुटलेला देखणा गडी. ओढ्याच्या पलीकडं मगदुमांचं काळं रान. आजूबाजूचे सगळे तंबाखूमागं लागलेले. पण आप्पांच्या वडलांनी त्यातला एक मोठा पट्टा जवसाला ठेवलेला. इतर लोक जवस पेरायचे ते हरभऱ्याच्या कडंनं दोन-चार ओळी. सबंध पट्टा जवस असा फक्त यांचाच. एकदा थंडीच्या दिवसांत आप्पा दुपारी जेवायला आले. नव्या नवरीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि तिला आप्पांच्या पटक्याच्या घडीत काहीतरी निळं दिसलं. चिमटीत धरून काढलं. फुलाची पाकळी. सुकून मऊ पडलेली.

"हे कुणाच्या वेणीतलं?" तिनं विचारलं.

सासू घरात, नणंदा घरात, आणि नवरी हे विचारतेय! आप्पा कानापर्यंत लाल झाले. "अगं, जवसाचं फूल हाय. सगळं रान निळं झालंय. नीळ घालून धोतर वाळत टाकल्यागत दिसतंय सगळं."

"जवस तर तपकिरी असतंय. मी चटणी कुटतीया न्हवं रोज!"

"ते बी. हे फूल."

"बघू की मग," नवरी म्हणाली.

मगदुमांच्या बायका रानात जायच्या नाहीत. जायच्या त्या वर्षातून एकदा, येळ्ळ अमावस्येला. मार्गशीर्ष संपता संपता ही अमावस्या येते. गावातली सगळी घरं नैवेद्य घेऊन आपापल्या शेतात जातात, बांधावरच्या क्षेत्रपालाला दाखवतात, मग घरातली कर्ती बाई सगळ्यांना मागं घेऊन रानाला फेरी घालते आणि अन्नाचे घास पिकात शिंपत जाते. त्याला चरग म्हणतात. सोपं वाटतं, पण आधी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवाचं दर्शन, मग दिवस वर आल्यावर चूल, मग तिळाच्या भाकऱ्या, पुरणाचे कडबू, हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, पावट्याची आमटी. हे सगळं करून बायका गाडीत बसेपर्यंत सूर्य डोक्यावर आलेला असतो.

नवी नवरी पहिल्या अमावस्येला गाडीतून उतरली, ती सरळ जवसाच्या बांधावर जाऊन उभी राहिली. समोर गुडघ्याएवढं हिरवं, बारीक काडीचं पीक. निळं कुठंच नाही.

"कुठाय?" तिनं विचारलं.

"सकाळी होतं," आप्पा म्हणाले. "दुपारला गळून जातंय. नाजूक असतंय ते."

"व्हय? मी आले की पळतंय? माझी एवढी भीती तुमच्या फुलाला?"

नणंदा फिदीफिदी हसल्या. आणि आक्का, राग चढला की कानडीत जायच्या, त्या हळूच म्हणाल्या, "सुळ्ळ!" म्हणजे खोटं.

बिचाऱ्या आप्पांनी पुढच्या साली पुरावा आणायचं ठरवलं. सकाळी फुललेली जवसाची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि धापा टाकत घर गाठलं. ओसरीवर शेजारच्या चार बायका जमलेल्या. आप्पांनी मोठ्या ऐटीत फडकं सोडलं. आत काड्या होत्या. आणि फडक्याला चिकटलेला ओलाकिच्च निळसर चोथा. चार बायकांना चार दिवस पुरेल एवढं हसू मिळालं. त्या दिवसापासून धरणेंद्रआप्पा गावात 'निळू आप्पा' झाले. म्हातारे झाले, नातवंडं झाली, तरी निळू आप्पाच. त्यांनी मग तो विषयच सोडला. थंडी आली की सकाळी एकटेच रानात जायचे, आणि घरात शिरायच्या आधी पटका काढून झटकायचे.

असा संसार झाला. वाईट झाला असं कुणी म्हणणार नाही. फक्त एवढंच, की नवऱ्यानं सांगितलेली एक गोष्ट बायकोनं जन्मभर खोटी धरली, आणि दोघांनाही त्याची सवय झाली.

मग लढाईचे दिवस आले. रॉकेल मिळेना, म्हणून घराघरांत जवसाच्या तेलाचे दिवे लागू लागले आणि मगदुमांच्या पट्ट्याचा भाव गावात वाढला. त्या पावसाळ्यात गावात मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला. महाराजांसमोर बायका व्रतं घेत होत्या. कुणी गूळ सोडला, कुणी तूप. आक्कांचं सगळंच जरा दणक्यात. त्यांनी भर बस्तीत दिशाव्रत घेतलं: यंदाची अमावस्या झाली की पौषाच्या पाडव्यापासून ओढा ओलांडायचा नाही. जे काय चालणं-फिरणं ते ओढ्याच्या अलीकडं, देह पडेपर्यंत.

घरी आल्यावर आप्पा म्हणाले, "म्हंजे रानात यायचं न्हाय आता?"

"रानात काय ठेवलंय? सगळं बघून झालंय माझं."

आप्पा अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले. सुपारी फार बारीक कातरली त्या दिवशी.

आता यात जयाबाई यायला हवी. जयाबाई म्हणजे शेजारीण, ओसरीला ओसरी लागून. दुसऱ्याच्या घरातलं, गोठ्यातलं, पदरातलं काहीही तिनं उभ्या जन्मात चांगलं म्हटलं नव्हतं. कुणाची म्हैस व्याली तर म्हणायची, "रेडकाचे पाय बघितलेत का?" अमावस्येच्या आठवडाभर आधी ती माहेराहून परत आली. गाडी पहाटे निघालेली, त्यामुळं आप्पांच्या रानावरून जाताना ऊन नुकतं चढलेलं. घरी आली, ओसरीवर बसली. आक्कांनी पाणी दिलं. जयाबाई गप्प.

"काय गं, माहेरी बरं हाय न्हवं सगळं?"

"बरं हाय."

"मग तोंड का शिवलंय?"

जयाबाईनं पाणी प्यायलं. "आक्का," ती म्हणाली, "तुमचं ते जवस..." आणि थांबली. हात हवेत आडवा फिरवला, जसं काही जमिनीवर अंथरलेलं दाखवायचंय. शब्द काही सुचेना. "जाऊन बघ, बाई," एवढंच म्हणाली आणि उठून गेली.

आक्का तांब्या घेऊन आत गेल्या, पण डोकं ओसरीवरच राहिलं. आप्पा शंभर वेळा बोलले असते तरी काही झालं नसतं. जयाबाई एकदा गप्प बसली, आणि घोटाळा झाला. जी बाई आपल्या सख्ख्या भावाच्या घराला नावं ठेवते, तिचा शब्द कशानं अडकला? म्हणजे तिथं खरंच काही आहे? म्हणजे हा माणूस इतकी वर्षं खरं बोलत होता, आणि आपण त्याला चारचौघांत... आणि आता पाडव्यापासून तर ओढा बंद. व्रत आपणच घेतलेलं, आपल्याच तोंडानं, सगळ्या गावासमोर.

आता कुणीही म्हणेल, दुसऱ्याच दिवशी सकाळी जायचं होतं. पण मग आक्कांना ओळखलंच नाही. मुद्दाम फूल बघायला जायचं म्हणजे हरलो असं गावात दवंडी पिटणं. त्यांनी दोन दिवस विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी जेवणं चालू असताना जाहीर केलं, "यंदा अमावस्येचा स्वैपाक रानात."

चंदनाच्या हातातला वाढायचा डाव भांड्यात पडला. "रानात? अत्ती, आणि चूल?"

"तीन दगड मांडले की चूल. पाणी तिथल्या विहिरीचं, गाळून घ्यायचं. सरपण भरमू गडी उन्हात बघून ठेवंल."

आप्पांनी घास खाली ठेवला. "घरच्या चुलीला काय झालं?"

"धुरावतीया."

"काल तर न्हाय धुरावली."

"काल तुमी बस्तीत पुराण ऐकत बसलावता. तुमाला काय ठाव?"

"बरं. मग निघायचं कवा?"

"दीस उगवला, दर्शन झालं, की निघायचं."

"एवढ्या लौकर? चुलीच्या धुरापायी?"

"येणार हाय का न्हाय तुमी?"

"येतो की," आप्पा म्हणाले. आणि मिशीत हसू मावेना, म्हणून त्यांनी उगीच ताक मागितलं.

अमावस्येला सकाळी दोन गाड्या निघाल्या. मुलगा, चंदना, चार नातवंडं, परातीत पीठ, गाठोड्यात गूळ, तीळ, तवा. ओढा ओलांडताना आक्कांनी पाण्याकडं बघितलं. घोट्याएवढं पाणी, उद्यापासून तो त्यांना समुद्र होणार होता.

आणि रानात पोचले तर धुकं. दाट, ओलं, ज्वारीच्या ताटांवर कापसासारखं अडकलेलं. जवसाच्या पट्ट्यावर येऊन सगळे उभे राहिले. गुडघ्याएवढ्या हिरव्या काड्या. टोकाला मिटलेल्या कळ्या, माना खाली घातलेल्या, दवानं जड झालेल्या. निळं काही नाही.

 भरमू गडी सरपण रचत होता, तोसुद्धा काडी हातात धरून थांबला. सगळ्यांचे डोळे आक्कांवर. आता 'सुळ्ळ' येणार! पण आक्कांनी आप्पांकडं बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला आणि चुलीकडं वळल्या. टोमणा मारला असता तर आप्पांना बरं वाटलं असतं. त्यांना उमगलं, की ही खरंच बघायला आली होती.

"ऊन पडू दे," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कुणास ठाऊक. धुक्यात दिवस कुठं आहे तेही कळत नव्हतं. ढगाळ दिवशी ही फुलं कधी कधी डोळाच उघडत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. बांधावर उभे राहून ते आभाळाकडं बघत राहिले.

चूल पेटली. हुग्गी शिजली, कडबू उकडले. आक्का बाजरीचं पीठ मळायला बसल्या, रानाकडं पाठ करून. एक भाकरी झाली. दुसरी झाली. तिसरी थापली, तीळ लावले, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. तेवढ्यात त्यांच्या हातावर ऊन पडलं.

"अत्ती," चंदना म्हणाली. सासूला हाक मारताना तिचा आवाज कधी चढला नव्हता; आज चढला. "अत्ती, मागं बघा!"

आक्कांनी मान वळवली.

धुकं फाटलं होतं. उगवतीकडच्या बांधालगत निळ्याची एक रेघ उमटली होती. दिवाळीत बस्तीच्या पायऱ्यांवर एकीनं दुसरी पणती लावत जावी, तशी ती रेघ सरकत पुढं येत होती. ऊन जिथवर पोचेल तिथवर कळ्या मान वर करत होत्या. कुठं काही हललं असं दिसायचं नाही. नुसतं बघता बघता हिरवं होतं तिथं निळं असायचं. निळं म्हणावं तर त्यात जांभळ्याची झाक, जांभळं म्हणावं तर आरपार उजेड दिसणारं. इतकं पातळ की रंगाला अंग आहे की नाही कळू नये. आणि मग वाऱ्याची एक झुळूक आली, आणि सगळा पट्टा एका अंगानं लवून उठला. पाणी होतं ते? कापड होतं?  आक्कांचा उजवा हात नकळत वर उठला आणि हवेत आडवा फिरला, हुबेहूब जयाबाईसारखा.

त्या उठल्या. हाताला पीठ तसंच. बांधावर आप्पा उभे होते. ते नुसते बाजूला झाले, वाट दिली, आणि म्हणाले, "माझ्या पावलावर पाऊल टाकत या सगळी. मधमाश्या खालच्या फुलांवरबी बसत्यात. बघून."

मग धरणेंद्रआप्पांनी आपल्या घरच्यांना ते रान दाखवलं. इतकी वर्षं साठवून ठेवलेलं सगळं. पट्ट्याच्या मधोमध पाण्याची एक सरी होती, तिच्यातून एकामागं एक माणसं निघाली. पुढं आप्पा, त्यांच्यामागं आक्का, मग लुगडं वर धरलेली चंदना, मुलं, शेवटी मुलगा. "हे बघा, पाचच पाकळ्या. मधी ह्या बारीक रेघा दिसतात का? माशीला वाट दावायला. हात लावू नगा. फुंकर घातली तरी पडतंय." धाकट्या नातवानं अर्थात फुंकर घातली. पाकळ्या सुट्या होऊन हवेत तरंगल्या आणि खाली टेकल्या. पोर घाबरून आजीकडं बघायला लागलं. आजी ओरडली नाही. आजीनं पदराचं टोक स्वतःच्याच तोंडावर धरलं होतं, आपला श्वास लागू नये म्हणून.

चहूकडं मधमाश्यांचा एकसुरी घुमार. वर निळं, गुडघ्यापर्यंत निळं, आणि मधून चालणारा पांढऱ्या पटक्याचा म्हातारा. आक्कांना वाटलं, या माणसाबरोबर आपण एवढा संसार केला, आणि हा रोज सकाळी इथं यायचा. इथून उठून घरी यायचा, आणि आपण त्याला निळू म्हणायचो.

तेवढ्यात वास आला. चंदनानं नाक वर केलं. "अगं बाई! भाकरी!" ती वळून पळणार, तोच आक्कांनी तिचं मनगट धरलं.

"करपू दे," आक्का म्हणाल्या.

चंदना म्हणते, घरात आग लागली असती तरी तिला एवढा धक्का बसला नसता.

सूर्य वर चढला तशा पाकळ्या सुटायला लागल्या. आवाज नाही, घाई नाही. एकेक करून हात सोडावा तशा. आक्का तिथंच सरीत बसून राहिल्या. त्यांच्या खांद्यावर, मांडीवर, पिठाच्या हातांवर निळे तुकडे पडत होते, आणि पडल्या पडल्या कोमेजत होते. निळं पातळ झालं, ठिपके राहिले, मग ठिपकेही गेले. क्षेत्रपालाला नैवेद्य दाखवून झाला, चरग शिंपायला आक्का निघाल्या, तेव्हा सगळं रान पुन्हा हिरवंगार, जसं काही झालंच नव्हतं. त्यांनी पहिला घास जवसात टाकला.

आता शेजारच्या शेतात गावातल्या बाकीच्या गाड्या येऊन लागल्या. बायका उतरल्या, बांधावर भेटीगाठी सुरू झाल्या. आक्कांना राहवेना. "अगं, सकाळी हितं काय होतं म्हणून सांगू! सगळं रान निळं! आरपार निळं!"

बायकांनी हिरव्या काड्यांकडं बघितलं. मग एकमेकींकडं बघितलं.

"दुपारला गळून जातंय," आक्का म्हणाल्या. "नाजूक असतंय ते."

एकीनं तोंडाला पदर लावला. दुसरीला तेवढंही जमलं नाही, ती खोखो हसली. आक्कांनी जयाबाईला पुढं ओढलं. "जयाबाई, सांग की गं! तू बघितलंस न्हवं?"

जयाबाईनं डोळे मोठे केले. इतकी चांगली संधी सोडली तर ती जयाबाई कसली! "मी? मी तर बाई गाडीत झोपलीवती."

"अवो, तुमी तरी सांगा!" आक्का आप्पांकडं वळल्या.

आप्पा झाडाखाली आरामात मांडी घालून बसले होते. समोर पान, पानात ती करपलेली भाकरी. तीच मला वाढ म्हणून हट्टानं मागून घेतलेली. त्यांनी एक काळा तुकडा मोडला, जवसाच्या चटणीत बुडवला. "मी काय सांगणार?" ते म्हणाले. "मी थापाड्या."

आक्का बघतच राहिल्या. आणि मग त्या हसल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. पाणी नक्की हसण्याचंच होतं का, ते चंदनाला विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पाडवा. व्रत लागलं. आक्कांनी ते मोडलं नाही, वाकवलं नाही, पळवाटही शोधली नाही. ओढ्याच्या पलीकडं त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. गावानं काही दिवस त्यांना 'निळीआक्का' म्हणून बघितलं. आक्कांनी हाकेला ओ दिली, तशी त्यातली मजाच गेली.

एक मात्र बदललं. थंडीच्या दिवसांत सकाळची चूल आता चंदनाच्या हाती असायची, आणि आक्का दर्शन करून ओढ्याच्या अलीकडच्या दगडावर जाऊन बसायच्या. तिथून रान दिसत नाही. मध्ये बाभळी आहेत. ऊन चढलं की पलीकडून आप्पा यायचे, पाण्यात पाय टाकायचे, आणि बायकोपुढं येऊन जरा वाकून उभे राहायचे. पटका झटकायचं त्यांनी सोडून दिलं होतं. आक्का घडीघडीत बोट घालून बघायच्या, आणि एखादी मऊ पडलेली पाकळी चिमटीत धरून काढायच्या.

ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायका कान देऊन असायच्याच.

"हे कुणाच्या वेणीतलं?" आक्का खड्या आवाजात विचारायच्या.

"तू बघून आलीस न्हवं तिला," आप्पा म्हणायचे.

"बघितली की," आक्का म्हणायच्या, आणि पाकळी तळहातावर ठेवून बघत राहायच्या. "लई देखणी हाय."